थंड समुद्रातून बाहेर आल्यावरच खरी काळजी घ्या

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींची छायाचित्रं छापलीत. त्यातलं आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो. काखेत सर्फिंगचा बोर्ड, वेटसूट (गार पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) कमरेपर्यंत सोललेला, वर उघडं अंग, केसांतून पाणी गळतंय, अनवाणी पाय ओल्या डांबरावर आणि चेहऱ्यावर मनापासूनचं हसू. शेजारी उभ्या असलेल्या मित्राचं जॅकेट वाऱ्याने चांगलंच फुगलेलं दिसतं. ऐन थंडीत अटलांटिकच्या लाटांवर गेलेल्या त्या मुलाचं मला कौतुकच वाटलं. पण त्या वाऱ्यात त्याने तसं उघडं उभं राहायला नको होतं, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. ते सांगावं म्हणून हे पत्र.

नोकरीनिमित्त काही वर्षं मी आयर्लंडमध्ये गॉलवेला होतो. तिथून गाडीने सव्वा-दीड तासावर, क्लेअर काउंटीत, लाहिंच नावाचं छोटं गाव आहे. चांगल्या लाटा जास्त करून हिवाळ्यात येतात, त्यामुळे सर्फिंगवाले तिथे हिवाळ्याची वाट पाहतात. मी तिथेच शिकलो. लाटेवर उभं राहायला शिकवण्याआधी तिथल्या जुन्या मंडळींनी मला वाऱ्यात कपडे कसे बदलायचे ते शिकवलं. पुण्यात परत येऊन आता बराच काळ झाला. रोज सकाळी एका उघड्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायला मदत करतो. ओळखीपाळखीतलं कोणी शिकायला आयर्लंड, स्कॉटलंड, कॅनडाला निघालं, की आईवडील सामानाची यादी घेऊन माझ्याकडे येतात. यादीत प्रेशर कुकर असतो, थालीपिठाची भाजणी असते, मेतकूट असतं. पोराला समुद्राचं वेड आहे, हे मात्र निघताना दारात चपला घालता घालता सांगतात.

आपल्याकडच्या मुलांना थंड पाण्याची सवय नसते, यात त्यांचा काही दोष नाही. आपला पश्चिम किनाऱ्याचा समुद्र जानेवारीतही 26-27 अंशांच्या आसपास असतो. गोव्याला किंवा कर्नाटकात मुल्कीला जाऊन ही मुलं बोर्डवर उभं राहायला शिकतात आणि ओल्या टीशर्टमध्येच वाळूत बसून नाश्ता करतात. गावाकडच्या विहिरीचं पाणी तर डिसेंबरच्या पहाटे कोमट लागतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र हिवाळ्याच्या शेवटी समुद्र 9-10 अंशांवर येतो, उत्तर स्कॉटलंडमध्ये थर्सोला 6-7 वर, आणि नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर त्याच्याही खाली. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. शिवाय समुद्र हवेच्या मागून गार होतो आणि मागूनच तापतो. म्हणून तिथला सगळ्यात गार समुद्र नाताळातला नसतो, फेब्रुवारी-मार्चमधला असतो. मार्चमध्ये बाहेर पिवळे डॅफोडिल फुललेले असतात, ऊन पडतं, आणि नवखी मुलं थंडी संपली म्हणून पातळ सूट घालून उतरतात.

गार पाण्यात पहिल्यांदा पडल्यावर काय होतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. श्वास एकदम आत ओढला जातो आणि मग धाप लागते, आपण थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ विद्यापीठात प्रा. माइक टिप्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. तिथली जीवरक्षक संस्था आरएनएलआय लोकांना सांगते, की अचानक पाण्यात पडलात तर हातपाय मारू नका, उताणे व्हा, तरंगत राहा, श्वास ताब्यात येऊ द्या. मिनिट-दीड मिनिटात तो येतो. सर्फिंगला जाणाऱ्याने कमरेएवढ्या पाण्यात थांबावं, तोंडावर पाणी मारावं, थोडं मानेतून सूटमध्ये सोडावं, आणि श्वास सावकाश झाला की मगच पुढे जावं. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिस्ब्रेश्ट यांनी याचा एक सोपा हिशेब मांडला आहे: बर्फासारख्या पाण्यात साध्या कपड्यांत पडलेल्या माणसाकडे श्वास सावरायला 1 मिनिट, हातपाय नीट चालतील अशी 10 मिनिटं आणि शुद्ध हरपण्याआधी साधारण 1 तास असतो. चांगल्या सूटमध्ये हा वेळ पुष्कळ वाढतो, पण क्रम तोच राहतो. म्हणजे अंग आतून गार पडायच्या बऱ्याच आधी बोटं निकामी होतात. ज्यांना हृदयाचा काही त्रास आहे किंवा रक्तदाब आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या पाण्यात पाऊल घालू नये.

आता सूटबद्दल, कारण पैसे इथेच चुकीच्या जागी खर्च होतात. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनचा, म्हणजे फेसाळ कृत्रिम रबराचा, सूट तयार केला. त्याच सुमारास, 1952 मध्ये, जॅक ओनील यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सर्फिंगचं दुकान काढलं आणि हे सूट लाटांवर जाणाऱ्यांपर्यंत पोहोचवले. त्याआधी ही माणसं लोकरी स्वेटर घालून समुद्रात उतरत. ब्रॅडनर यांच्या लक्षात आलं होतं, की माणूस कोरडाच राहिला पाहिजे असं काही नाही. ऊब धरतात ते निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे. गोधडी उबदार होते ती तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे, तसंच हे. आत शिरलेलं थोडं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तिथेच राहतं. ते तिथेच राहावं यासाठी सूट अंगाला घट्ट बसायला हवा. आपल्याकडे मुलांना एक माप मोठं घ्यायची रीत आहे, पुढच्या वर्षीही होईल म्हणून. वेटसूट तसा अजिबात घेऊ नका. ढगळ सूटमध्ये प्रत्येक लाटेबरोबर पाठीच्या खोलगट भागातून आणि मानेतून नवं गार पाणी खळकन आत येतं आणि तापलेलं पाणी बाहेर जातं. असा 5 मिलीमीटरचा सूट नीट बसणाऱ्या 4 मिलीमीटरच्या सूटपेक्षाही गार पडतो. सूटवर 5/4 असं लिहिलेलं असतं, म्हणजे धडावर 5 मिलीमीटर जाडी आणि हातापायांवर 4. आयर्लंडच्या हिवाळ्याला हाच लागतो, सोबत बूट, हातमोजे आणि डोक्याला हूड. इथल्या दुकानांत मिळतात ते बहुतेक पातळ, आपल्या पाण्यासाठीचे. ते घेऊन सामानाचं वजन वाढवू नका, तिथेच अंगावर घालून बघून घ्या.

हूडबद्दल थोडं जास्त सांगतो. निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरं नाही. डोक्यातून जाणारी उष्णता साधारण त्याच्या आकाराच्या प्रमाणातच असते. तरीही हूड हवाच. लाटेखालून बुडी मारताना बाकीचं सगळं अंग झाकलेलं असतं आणि उघडं डोकंच गार पाण्यात जातं. कपाळात अशी कळ येते की डोळे मिटतात. आणि कान. गार पाणी आणि वारा कानाच्या नळीला वर्षानुवर्षं लागत राहिले, तर आतलं हाड वाढायला लागतं, नळी अरुंद होते, पाणी अडकतं, कान वारंवार सुजतो. लाहिंचच्या जुन्या मंडळींपैकी काहींना शस्त्रक्रिया करून हाड कोरून काढावं लागलं होतं. कानात पाणी अडवणारे बोळे (इअरप्लग) आणि वर हूड, एवढ्याने हे बरंचसं टळतं. तेव्हा कानटोपीचा आग्रह धरणाऱ्या आज्यांचं कारण जरा वेगळं असलं, तरी सल्ला बरोबरच होता.

पाण्यात असताना पोट रिकामं नको. कुडकुडण्यात शरीर विश्रांतीच्या कितीतरी पट जास्त उष्णता तयार करतं, आणि त्याला इंधन लागतं. आपली मुलं अंगाने बारीक असतात, त्यामुळे ती सोबतच्या आयरिश मुलांपेक्षा लवकर गार पडतात. त्यांच्या बरोबरीने थांबायची ईर्ष्या करू नये. लाटेची वाट पाहत बोर्डवर नुसतं बसलं की वारा सूटवरचं पाणी सुकवत अंग गार करत राहतो, म्हणून हात चालवत राहावं. आणि मधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून पाहावा. टेकला नाही किंवा बोटं एकमेकांना मिळेनाशी झाली, की बाहेर निघायचं. एक शेवटची लाट, असं म्हणायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. काठावर आल्यावर माणसाला वाटतं, सुटलो. प्रत्यक्षात अंगाचा आतला भाग अजून गार होतच असतो. हातापायांची कातडी आणि स्नायू थंडगार झालेले असतात, आणि ते आतली उष्णता ओढत राहतात. तिकडचं गार रक्तही हृदयाकडे परत फिरू लागतं. त्यामुळे बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने माणूस पाण्यात होता त्याहून जास्त गार असतो. पाण्यात हसत खेळत असलेला मुलगा गाडीजवळ येऊन ढासळतो, तो यामुळे.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फेब्रुवारीतली दुपार होती. आपल्याच बाजूचा, नाशिकचा, तिथे शिकणारा एक मुलगा माझ्याबरोबर बाहेर आला. लाट छान मिळाली होती, भरभरून बोलत होता. सूट अर्धा उतरवून फोनवर चित्रफिती पाहत वाऱ्यात उभा राहिला. थोड्या वेळाने मी पाहिलं तर तो गाडीची किल्ली दोन्ही तळव्यांत धरून दाराच्या फटीपाशी नुसती फिरवत होता. विचारलं तर शब्द जड येत होते, आणि "काही नाही, काही नाही" म्हणताना चिडत होता. शेजारच्या गाडीतल्या एका वयस्क आयरिश बाईंनी ते पाहिलं आणि एक शब्दही न विचारता त्याचा ताबा घेतला. आधी त्याला गाडीच्या आडोशाला वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. पायाखाली रबरी घमेलं दिलं, म्हणजे तळवे थंड डांबराला लागायला नकोत. मग मला म्हणाल्या, तू मनगटं ओढ. निओप्रीनची बाही मनगटावर उलटी वळवून, अंगठा आत घालून, हातावरून सोलून काढावी लागते. त्याची बोटं तेव्हा काहीच करू शकत नव्हती. वरचं अंग आधी पुसलं, चोळलं नाही, नुसतं टिपलं. लगेच कोरडं बनियन, लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, डोक्याला टोपी. हे झाल्यावर कमरेखालचा सूट. मग गाडीत बसवून कोमट, गोड चहा, तोही कप त्याच्या हातात न देता त्यांनी स्वतः धरून पाजला. पाच मिनिटांनी त्याला जोराची हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. तो घाबरला. त्या म्हणाल्या, कुडकुडू दे, तेच तुझं औषध आहे. पुरता तासभर त्याला त्यांनी गाडी चालवू दिली नाही.

त्या दिवशी त्याच्या पिशवीत कोरडा टॉवेल होता, पण तळाशी, लॅपटॉपच्या खाली. म्हणून मी मुलांना सांगतो, की पाण्यात जाण्याआधीच बाहेर येण्याची तयारी करून ठेवा. कपडे घालायचे त्या क्रमाने रचून, वरचं वर. सैल, बटणं आणि नाड्या नसलेले कपडे, कारण बटण लावता येणार नाही. किल्लीला मोठी दोरी. गुडघ्यापर्यंतचा टोपीवाला झगा मिळतो, त्याच्या आत उभं राहून सूट सोलता येतो. तो महाग वाटला तर आईची जुनी शाल आणि मोठा रेनकोट पुरतो. थर्मासमध्ये आल्याचा चहा, खिशात राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की. आणखी एका बाटलीत कोमट पाणी, बधिर हातांवर ओतायला. ते कोमटच हवं, कारण बधिर कातडीला चटका कळत नाही आणि भाजतं. घरी जाऊन सूट गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून सावलीत वाळवा. दुसऱ्या दिवशी ओला सूट चढवणं म्हणजे पाण्यात जायच्या आधीच अर्धी ऊब घालवणं.

आता घरगुती उपायांविषयी, कारण फोनवरून आईवडील हेच सांगणार. "जा, आधी कढत पाण्याने अंघोळ कर." नका सांगू. गारठलेल्या अंगावर एकदम गरम पाणी घेतलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब घसरतो, आणि न्हाणीघरात एकटा असलेला मुलगा चक्कर येऊन फरशीवर पडू शकतो. कपडे घालून, खाऊनपिऊन, कुडकुडणं पूर्ण थांबून अंगात ऊब आली की मग करू दे अंघोळ. दोन चमचे ब्रँडीने तात्पुरतं गरम वाटतं, पण तीही रक्त कातडीकडे आणते आणि कुडकुडणं कमी करते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. तळपाय सुंठीने किंवा तेलाने जोरजोरात चोळणंही नको. गरम पाण्याची पिशवी द्यायची तर कापडात गुंडाळून छातीशी, काखेत, हातापायांना नाही. आणि कुडकुडणारा माणूस ऊब न येताच कुडकुडायचा थांबला, गुंगीत गेला, असंबद्ध बोलू लागला, तर तो बरा होत नाहीये. त्याला चालवू नका, आडवा करा, गुंडाळा आणि मदत बोलवा. आयर्लंडमध्ये 112 किंवा 999 लावून कोस्ट गार्ड मागायचे. हिवाळ्यात तिथल्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं. एकट्याने जायचं नाही, हा नियम प्रत्येकाने पाळावा.

हे सगळं परदेशातल्यांपुरतं आहे असं कोणाला वाटू नये. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हाही सकाळी सहाच्या तुकडीला मुलं येतात, आणि मला ती फार आवडतात. पाण्यावरून वाफ निघत असते. हवेपेक्षा पाणी उबदार, म्हणून बाहेर निघायला तयार नसतात. मग शाळेची घाई. ओल्या पोहण्याच्या चड्डीवरच पँट, ओल्या केसांवर काहीच नाही, आणि आईच्या स्कूटरवर पुढे उभं राहून कर्वे रस्त्याने घरी. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना अंगातून सुमारे 580 कॅलरी (खाण्याच्या पाकिटावरच्या नव्हे, भौतिकशास्त्रातल्या छोट्या) उष्णता जाते, आणि स्कूटरच्या वाऱ्यात हे काम झपाट्याने होतं. आठ-नऊ वर्षांच्या हडकुळ्या मुलाच्या अंगात अशी किती उष्णता असणार? ओठ निळे, वर्गात पहिले दोन तास लक्ष नाही, आणि दोष पोहण्याला. आमच्या तलावावर आम्ही नियम केला आहे: दोन टॉवेल आणायचे, एक पुसायला आणि एक कोरडा. पोहण्याचे कपडे पूर्ण बदलायचे, डोकं कोरडं करून कानटोपी घालायची, विंडचीटर चढवायचा, काहीतरी तोंडात टाकायचं आणि हात थरथरायचे थांबल्यावरच स्कूटरवर बसायचं. शहरातल्या सगळ्या तलावांनी हा नियम करावा, आणि काठाजवळ वारा न लागणारी कपडे बदलायची एक खोली मुलांसाठी उघडी ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. इथे दहाव्या वर्षी लागलेली सवय विसाव्या वर्षी लाहिंचला उपयोगी पडते.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. जानेवारीच्या प्रवेशासाठी निघणारी मुलं आता सामान भरत आहेत. पुरवणीत ते छायाचित्र जिथे होतं तिथेच, तेवढ्याच जागेत, ही माहिती छापा. त्या मुलाचा पत्ता तुमच्याकडे असेल तर हे पत्र त्यालाही पाठवा, आणि चांगल्या लाटा मिळोत असं माझ्याकडून सांगा. जागा कमी पडली तर ब्रॅडनर, ओनील आणि माझी हकिगत खुशाल कापा. कढत पाण्याच्या अंघोळीचा परिच्छेद मात्र कापू नका.

आपला,
एक वाचक
कर्वेनगर, पुणे